पाचवी बशी

सकाळी प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये चारच बशा निघाल्या. पाचवी, तुलनेसाठी ठेवलेली नुसत्या अल्कोहोलची, गायब होती.

साडेदहाला इस्पितळाची तपासणी अधिकारी सहीसाठी आली. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात बारा वाजता जुनं मलम बंद होऊन राळेचं सुरू होणार होतं.

"सफाईच्या मावशींनी धुतली असणार," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "उद्यापासून त्यांनी येऊ नये. पण निकाल बघा, मॅडम! राळेतली आम्लं, सुगंधी तेलं; जंतूंची पार दाणादाण."

अधिकारिणीने मोजपट्टी काढली. प्रत्येक बशीत जंतूंचा दुधट थर. त्यावर राळेच्या अल्कोहोलमधल्या अर्कात बुडवलेली कागदी चकती. तिच्याभोवती जंतू मेलेलं स्वच्छ कडं. सगळ्यात पातळ अर्काचं कडं चौदा मिलिमीटर. सगळ्यात दाट अर्काचंही चौदा. मधल्या दोन्हींचं तेवढंच.

"अर्क कधी केला?"

"काल. चारला तयार, साडेपाचला बशा आत. काका म्हणजे घड्याळ! आजही माझ्याआधी तासभर हजर."

काका, इथले जुने तंत्रज्ञ, हसले नाहीत.

"मावशी, बशी धुतलीत?" तिने दाराशी उभ्या मावशींना विचारलं.

"वाफेत शिजवल्याशिवाय मी बशीला बोट लावत नाही, बाई. आज वाफेचं भांडं तापलेलंच नाही. हात लावून बघा."

भांडं गार होतं.

"काका, चकत्या किती वेळ वाळवल्या?"

"रात्रभर. नेहमीसारख्या."

"चारला अर्क, साडेपाचला बशा आत. मधे रात्र कुठून आली?"

काकांनी फ्रिजकडे पाहिलं.

"राळेने जंतू मारले असते तर दाट अर्काचं कडं मोठं आलं असतं," ती म्हणाली. "चारही सारखी आली, कारण मारणारं चारही बशांत सारखं होतं. ओल्या चकतीतलं अल्कोहोल. पाचव्या बशीत तेच कडं दिसलं असतं. सकाळी एकटे होतात, तेव्हा ते तुम्ही पाहिलंत. पण जिवंत जंतू न शिजवता कचऱ्यात टाकायला तुमचा हात धजला नसेल. कुठे आहे?"

काकांनी फ्रिजमधल्या बाटल्यांमागून बशी काढली.

"काल घरी लवकर जायचं होतं. आज कडं बघितलं आणि बशी लपवली. तेवढ्यात सर आले, वॉर्डाला शब्द देऊन बसले. मग मावशींचं नाव निघालं, तरी मी..."

"वीस वर्षं माझ्या हातचा चहा पितोस रे दादा," मावशी म्हणाल्या.

काकांनी स्वतःच वॉर्डाला फोन लावला.

"मलम थांबवा, सिस्टर. त्याने जंतू मरत नाहीत."

"थांबवा? सरांनी शब्द दिला म्हणून आम्ही दहालाच सुरुवात केली. तिघांना लावून झालं."

"पट्ट्या सोडा. पुसून जुनं लावा."

"भाजल्यावरची पट्टी पुन्हा सोडायची? किती दुखतं माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही," काका म्हणाले.

थोड्या वेळाने पलीकडून किंकाळी आली. अधिकारिणीने फोनसाठी हात पुढे केला. काकांनी रिसीव्हर दिला नाही. तिसरी पट्टी सुटेपर्यंत तो कानालाच होता.