कडेची ऊब

त्या दुपारी तेजस्विनी डबा घरीच विसरली, म्हणून तिचे वडील सोपानराव स्कूटरवरून ती काम करायची त्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर आले. निघोज्याचा रणजीत तेव्हा टेम्पोतून पोती उतरवत होता. चाकणच्या कंपन्यांसाठी तो लाकडी खोकी बनवायचा. उरलेला भुसा केंद्रातल्या गाळाच्या खताच्या ढिगांसाठी घेऊन आज पहिल्यांदाच आला होता.

"मॅडम, कुठं ओतू?"

"माझं डोकं सोडून कुठेही."

"तिथं तर… आधीच सांडलाय."

खरंच, तिच्या वेणीभर भुसा होता. सोपानराव गालातल्या गालात हसले. निघताना लेकीला हळूच म्हणाले, "पोरगा बरा हाय. न्हाई का?"

"मला काय करायचंय, बाबा!"

रात्री त्यांना ताप भरला. जंतू रक्तात उतरले होते. डॉक्टर एकामागून एक औषध बदलत गेले. जंतू एकालाही बधले नाहीत.

बाबांचं तेरावं झालं आणि ती कामावर आली. असे हट्टी जंतू शहराच्या मैल्यातही येतात. औषधाला पुरून उरायला लावणारी त्यांची जनुकं गाळात साठतात आणि अर्धकच्च्या खताबरोबर शेतात जातात. ढीग नीट तापला तर ती बरीच घटतात. पण तिच्या ढिगाचा अहवाल आला तो असा: पोटात घटली, कडेला जशीच्या तशी. मधला भाग रसरसला होता. कडा गारच राहिल्या होत्या.

साहेब म्हणाले, "पोट तापलंय ना? मग द्या पाठवून."

"माझी सही हवी असेल, तर नाही. कडेचं खतही कुणाच्या तरी वाफ्यातच पडणार, सर."

तिने ढीग फोडायला लावला. कडेचं पोटात, पोटातलं कडेला. ओल जास्त तिथे आणखी भुसा, आणि वरून सुक्या भुशाचा जाड थर. रणजीतच्या फेऱ्या वाढल्या.

"ढिगाला गोधडी पांघरताय?"

"हसायला काय झालं?"

"हसत न्हाई हो. हेवा वाटतोय… ढिगाचा."

तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "हेवा नंतर. आधी ती बाजू."

कडेत खुपसलेला लोखंडी गज उपसून ती मुठीत धरून बघायची. गार. पुन्हा पालट. कोमट. पुन्हा पालट. चुलीपाशी बसल्यावर धुराचा लागतो, तसा दोघांच्या कपड्यांना ढिगाच्या वाफेचा वास लागला.

एका सकाळी गज तिच्या हातातून सुटलाच. "आई गं!"

रणजीतने तिचा तळवा उघडून फुंकर घातली… आणि हात सोडायचा विसरला. तिनेही आठवण केली नाही. भाजलेल्या तळव्याकडे बघत ती हसत होती – बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

ती ऊब तिने पुरेशी टिकू दिली. मगच कडेचे नमुने तपासायला पाठवले. अहवाल आला तेव्हा रणजीत पोती उतरवत होता.

"संपली का ती हट्टी जनुकं एकदाची?"

"संपली नाहीत. पण कडेचीसुद्धा खूप घटली. हा ढीग जाईल. पुढच्यात आणखी घटवायची."

"म्हंजे भुसा लागणार."

"लागणार."

"आन् भुसेवाला?"

फाटकाजवळ, त्या दुपारी बाबांची स्कूटर उभी होती त्या जागेकडे तिने पाहिलं. मग रणजीतला, साहेबांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"व्हय, बाबा. पोरगा बरा हाय. मला आवडतो."