एक कढई, दोन आकडे

"पाच वाजता माझ्याकडून राजीनाम्यावर सही घेणार आहेत," म्हणत काका आत आले आणि खुर्ची समोर असूनही उभेच राहिले. खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात बावीस वर्षं पाक शिजवणारा माणूस, आणि काल त्यांची अख्खी कढई करपली होती.

गुप्तहेर वहिनींनी लगेच चपला पायात घातल्या. त्यांचे दीर भाऊजी चहा अर्धा टाकून मागे धावले.

"कढईवरचं मीटर महिनाभर बंद आहे," काका वाटेत म्हणाले. "कढईला जोडलेला कंट्रोलर तापमान मोजतो, ते ऑफिसातल्या आणि प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर शीटमध्ये दिसतं. साहेब फोनवर आकडा सांगतात. पंच्याण्णवला वाफ बंद करायची. काल ते तीनदा ऐंशीच म्हणाले!"

कारखान्यात कढई धुऊन ठेवली होती. भाऊजींनी भीत भीत हात लावला. गार होती.

"काल मला एकशे अठरा दिसले नि मी धावत सुटले," प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाई म्हणाल्या. त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा सारखा नाचत होता. भाऊजींना गरगरलं, त्यांनी न वाचताच मान फिरवली. वहिनींनी आकड्यावर क्लिक केलं, तर वरच्या पट्टीत कंट्रोलरचा पत्ता उमटला, म्हणजे आकडा थेट तिथूनच येत होता.

ऑफिसात साहेब बसल्या जागी पाय हलवत होते. "माझ्याकडे ऐंशीच होते, खोटं कशाला बोलू? यानंच कंट्रोलरची तार ढिली ठेवली असणार. मी अहवाल छापत होतो आणि याचे फोनवर फोन!"

त्यांच्या स्क्रीनवर ऐंशी अगदी शांत बसले होते. भाऊजींच्या डोळ्यांना बरं वाटलं. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

"कंट्रोलर एकच," वहिनी म्हणाल्या. "तार ढिली असती तर दोन्ही स्क्रीन सारख्याच चुकल्या असत्या. भाऊजी, कढई कशी होती?"

"गार."

"मग इथे आत्ता ऐंशी कशाचे?"

भाऊजींनी जीभ चावली.

वहिनींनी क्लिक केलं. पत्ता नव्हता, हातानं टाइप केलेले नुसते ऐंशी होते. "छापताना नाचरा आकडा नको म्हणून तुम्ही त्यावर ऐंशी टाइप केले. जोडणी तुटली, आणि तुम्ही विसरलात."

साहेबांचा पाय थांबला. "दोनच मिनिटांसाठी… पुन्हा जोडणार होतो."

वहिनींनी पत्ता टाकला. सत्तावीस आले आणि हलू लागले.

काका त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीत बसले. टेबलावर सहीसाठी ठेवलेला राजीनाम्याचा कागद त्यांनी साहेबांकडे सरकवला.

"फाडा. तुमच्याच हातानं."

पाचचा भोंगा वाजेपर्यंत कागदाचे चार तुकडे झाले होते.