शंभरपैकी शंभर

सुन-रे या कामगार बाईची दोन तुटलेली बोटं माशांच्या लगद्यात सापडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना पुन्हा सुरूही झाला.

कामगार निरीक्षक प्यो ह्ये-जू बुसानच्या त्या कारखान्यात पोचली तेव्हा माशांच्या वड्या वाफवल्याचा वास दारापर्यंत येत होता. एरवी तिला तो आवडायचा. आज तिने नाकाला रुमाल लावला.

प्रशिक्षणप्रमुख मेंग यांनी तिच्यापुढे गोड कॉफीचा कागदी पेला सरकवला.

"चूक तिचीच हो. यंत्राची किल्ली काढलीच नाही आणि साफ करायला हात घातला. पलीकडच्या बाईला दिसलं नाही, तिने किल्ली फिरवली. सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स पुरा केलाय तिने. शंभरपैकी शंभर!"

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच शंभर. आखणी माझी, धडे माझे, परीक्षाही माझी."

सुन-रेला कामावरून काढायचा कागद टेबलावर तयारच होता. चूक तिची ठरली की त्यावर सही. पन्नाशीच्या, बोटं गेलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

इस्पितळात सुन-रे भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोर्स पाहिला होता तुम्ही?"

"पाहिला."

"काय होतं त्यात?"

"सगळं होतं."

उशाशी महागाच्या नासपतींची पेटी होती. "कोणी आणली?"

"मेंग साहेबांनी." आणि ती रडायला लागली.

कारखान्यात परत येऊन ह्ये-जूने पाळीप्रमुख बोक-हीला गाठलं. "सगळ्यांच्या नावाने कोर्स तुम्ही उरकलात का? चालतं तसं. एकजण बसतो, सगळ्यांची बटणं दाबतो."

बोक-ही भडकली. "मला कुठला वेळ? आणि मला शिकवायची गरजच नाही. माझ्या पाळीत किल्ली माझ्या खिशात असते. त्या दिवशी मी सुट्टीवर होते, मॅडम. सुन-रे ओन्नी माझ्या थोरल्या बहिणीसारख्या, पण त्या यंत्रावर नवीन होत्या."

ह्ये-जूने मेंगच्या खोलीत बसून ती परीक्षा स्वतः दिली. कारखाने पालथे घालण्यात तिची हयात गेली होती. तरी एक उत्तर चुकलं. 'सफाई करताना किल्ली कुठे ठेवाल?' तिने 'स्वतःच्या खिशात' निवडलं. लाल फुली आली. बरोबर उत्तर म्हणे 'यंत्रातच'.

तिने मेंग आणि बोक-ही दोघांनाही बोलावून घेतलं.

"मेंग साहेब, ज्याला काम कळतं त्याला या परीक्षेत शंभर मिळूच शकत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही चुकीचं भरून ठेवलंय. मला शंभर मिळाले नाहीत, बोक-हीबाईंनाही मिळाले नसते. आणि तरी झाडून सगळ्यांना शंभर! सगळ्यांच्या नावाने जो बसला त्याने प्रश्न वाचलेच नाहीत. उत्तरं समोर ठेवून तो दाबत गेला. ती उत्तरं कोणाकडे होती?"

मेंग हसले. "परीक्षा कितीदाही देता येते. लोकांनी चुकत चुकत शोधलं असेल."

"असेल. मग किल्ली यंत्रात ठेवायची हे सुन-रेबाई तुमच्याकडूनच शिकल्या. शिकवलं तसं वागल्या आणि बोटं गेली. असंच लिहू?"

मेंगचा चेहरा उतरला.

"नाही, नाही! कोणी काही पाहिलेलंच नाही! एक धडासुद्धा उघडला नाही कोणी. मीच दाबलं सगळ्यांचं, शपथ घेऊन सांगतो!"

"आणि नासपती घेऊन जाऊन तिला काय पढवलंत?"

"पाहिला म्हण, एवढंच. नाहीतर कारखान्याला टाळं लागेल आणि सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, म्हटलं."

"तिची बोटं तुटली होती हो!" बोक-ही ओरडली. "आणि तुम्ही तिलाच भीती घालून आलात?"

मेंगच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्याची कळा होती. छोटा गुन्हा कबूल करून मोठा टळला असंच त्यांना वाटत होतं. ह्ये-जूने चोर पाहिले होते, दारुडे मालक पाहिले होते. इतकी किळस तिला कोणाची आली नव्हती.

"चूक सुन-रेबाईंची नाही, असं मी लिहितेय," ती म्हणाली. "तो कामावरून काढायचा कागद फाडा. माझ्यासमोर."

मेंगनी कागद फाडला, तुकडे नीट गोळा करून टोपलीत टाकले. मग घसा साफ केला.

"मॅडम, तो प्रश्न दुरुस्त करतो मी. आणि सगळ्यांचे शंभर... दुपारपर्यंत पुन्हा करून देऊ का?"