लाभ… दोन…

ही गोष्ट खरी आहे.

खोटी सांगायची असती तर रात्र घेतली असती, अमावास्या घातली असती, एखादं कुत्रं रडवलं असतं. पण नवलच्या बाबतीत जे घडलं ते मे महिन्यात, भर दुपारी, फैजपूरच्या बाहेर केळीच्या बागांना लागून असलेल्या एका बंद चेंबरमध्ये घडलं. त्या दिवसांतली तिकडची दुपार ज्याने पाहिली आहे त्याला जास्त सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वारा सुटला तरी तो कुणाला तरी भाजायलाच निघालेला असतो. भुतांना यापेक्षा निवांत वेळ मिळायची नाही.

नवल जळगावचा. दिवसा ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात बसायचा आणि उरलेल्या वेळात रॉक बँड चालवायचा. बँडचं नाव 'सिंगल फेज'. हे नाव खानदेशात समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात लागतं.

बँडमध्ये तिघंच. नवल गिटार वाजवायचा आणि गायचा. दिपमालाकडे बेस गिटार. ड्रमवर धुळ्याचा प्रेमराज. पहिला अल्बम त्यांनी दिपमालाच्या गच्चीवर रेकॉर्ड केला होता, त्यात प्रत्येक गाण्यामागे शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येत होता. काही श्रोत्यांना तेच आवडलं होतं.

दुसरा अल्बम नीट करायचा, असं तिघांनी ठरवलं.

त्यासाठी जागा दिली अभिमन नानांनी. नाना नवलच्या वडिलांचे दोस्त. मूळचे धुळ्याकडचे. अर्धं आयुष्य फैजपुरात काढूनही त्यांनी बोली काही बदलली नव्हती. केळी पिकवायचं नवं चेंबर त्यांनी बांधलं होतं आणि जुनं कुलूप लावून ठेवलं होतं. जाड फोमच्या भिंती. रबर लावलेलं जड दार. ते लावलं की बाहेर ट्रॅक्टर उलटला तरी आत कळणार नाही.

आत केळं एकही नव्हतं. वास मात्र होता. पिकलेल्या केळ्याचा, गोड, जरा जास्तच गोड.

हिवाळ्यात तिघांनी पहिलं गाणं तिथे रेकॉर्ड केलं. ऐकायला बसले, तर गाणं सुरू होण्याआधी एक आवाज…

"लाभ… दोन… तीन… चार…"

आणि मग ड्रम.

दिपमाला खूश झाली. "प्रेम्या! हे काय भारी मोजलंस!"

प्रेमराजचे आजोबा धुळ्याच्या मार्केटमध्ये धान्याचे व्यापारी. तिथे माप मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. रॉकच्या गाण्याआधी असं मोजणं म्हणजे कमालच. आवाज जरा म्हाताऱ्यासारखा आला होता, पण तो माइकचा दोष असणार.

प्रेमराज नुसता हसला.

तो 'लाभ' त्यांनी अल्बममध्ये ठेवायचा ठरवला.

मग दिपमालाला पुण्यात नोकरी लागली. "माझा भाग मी तिकडून रेकॉर्ड करून पाठवते," म्हणाली, आणि गेली. असं सगळेच म्हणतात. जळगावच्या स्टँडवर रोज कुणीतरी कुणाला असंच काहीतरी म्हणत असतं.

होळीच्या सुमारास नवल आणि प्रेमराज दोघंच चेंबरमध्ये गेले. गाणं झालं. नवलने हेडफोन लावला.

"लाभ… दोन… तीन…"

आणि ड्रम.

"चौथा कुठे खाल्लास?" नवल वैतागला. "चार मोजायचे असतात!"

"मी काय बोलनूच नही भो."

"मग कोण बोललं, तुझे आजोबा?"

"आरे, मना तोंडमा केळं व्हतं!" प्रेमराजने सालपट पुढे केलं. पुरावा भक्कम होता. "मी निस्त्या काड्या आपट्या."

नवलला वाटलं, फिरकी घेतोय.

महिन्याभरात प्रेमराजही गेला. सुरतेला, मेव्हण्याच्या धंद्यात. ड्रम तिथेच ठेवले. "राहू दे भो, इसू मी दिवाळीले," म्हणाला. तो दिवाळीला येईपर्यंत म्हणून नवलने ड्रमवर जुनी चादर टाकली.

आता अल्बम पुरा करायला एकटा नवल उरला. ड्रमच्या जागी कॉम्प्युटरमधला ठोका. दिपमालाचा बेस मोबाइलवर यायचा, प्रेमराजचा फक्त अंगठा. दिपमालाने एक अट घातली होती. "अल्बम संपला की तू पुण्याला ये. इथे कार्यक्रम मिळतायत. प्रेम्यालाही ओढून आणू. नाहीतर सांगून टाक, की बँड संपला."

बँड संपला, हे वाक्य नवलला तोंडातून काढता येत नव्हतं. म्हणून तो दर सुट्टीला दुपारचं ऊन डोक्यावर घेत फैजपूरला जायचा.

अशाच एका दुपारी त्याने एकट्याने गाणं म्हटलं. दार बंद. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. घाम टपटपत होता. गाणं संपलं. त्याने हेडफोन लावला.

सुरुवातीला शांतता…

मग…

"लाभ…"

नवलने हेडफोन कानांवर दाबला.

"दोन…"

आणि बस्स. त्यानंतर त्याची स्वतःचीच गिटार.

त्याने हेडफोन काढला. खोलीत काहीच आवाज नव्हता. चादर होती तशी होती. केळ्यांचा वास मात्र… अंगाजवळ सरकल्यासारखा.

बाहेर येऊन त्याने प्रेमराजला फोन लावला. "हिवाळ्यातलं ते मोजणं तुझंच ना?"

तिकडे मशिनांची घरघर.

"नही भो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही दोन्ही इतलं कौतुक करी राह्यंतात… ड्रमवाल्याले कोन म्हनस चांगलं?"

नाना नव्या चेंबरच्या सावलीत खाटेवर पडले होते. नवलचा चेहरा पाहून त्यांनी माठाकडे बोट केलं. "पानी पी आधी. काय व्हयनं?"

नवलने सांगितलं. नाना हसले नाहीत.

"लोटन," ते म्हणाले. "आमना लोटन आबा. पहिले दाणाबाजारमा माप मोजे. मंग आठे ऊना. चेंबरमा गॅस सोडाना पहिले मानसं मोजना पडतस ना… आत किती गया, बाहेर किती ऊनात. ते काम त्यानं. लाभ, दोन, तीन… बठ्ठा बाहेर ऊनात का मंगच दार लावाना हुकूम दे."

"सगळे बाहेर आले की दार. मग?"

"एक दिन टोपी ऱ्हायनी म्हनीसन आत गया. मानसं बठ्ठा बाहेर व्हतात. हिशोब बरोबर व्हता. कोनीतरी दार लाई दिन्हं."

"पण त्यांना कुणी मोजलं नाही?"

नानांनी केळीच्या बागेकडे पाहिलं.

"मोजनारा तर तोच व्हता भो."

जळगावला परतताना, गाडीवर, तोंडाला रुमाल बांधलेल्या नवलच्या डोक्यात तो हिशोब आपोआप जुळला. तिघं होते तेव्हा चार. दोघं होते तेव्हा तीन. एकटा होता तेव्हा दोन. लोटन आबा आता चूक करत नव्हते. सुरुवात स्वतःपासून करत होते.

दुसरा कुणी असता तर पुन्हा तिकडे फिरकला नसता. नवल पुढच्या सुट्टीला गेला.

त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, पण ते अवघड नव्हतं. घरी कुणी नव्हतं. दुकानात मालक त्याला 'ए नळीवाल्या' म्हणायचा. तो आला काय, गेला काय, याची नोंद घेणारं एकच माणूस जिल्ह्यात उरलं होतं, आणि ते जिवंत नव्हतं.

दार लावताना तो म्हणू लागला, "आलो आबा."

रेकॉर्डिंगमध्ये उत्तर यायचं. "लाभ… दोन…"

कधी कधी त्याला गाण्यापेक्षा तेवढंच ऐकावंसं वाटायचं.

अल्बम पुरा झाला. एक काम उरलं. गाण्यांच्या मधल्या जागांत भरायला रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करावी लागते. त्या वेळी आत कुणी असायला नको, श्वाससुद्धा येतो. नवलने माइक चालू केला, बाहेर आला, दार लावलं, कुलूप घातलं. किल्ली खिशात. नानांच्या खाटेवर बसून ताक प्यायला. मग सामान आवरलं आणि घरी आला.

घरी त्याने ते ऐकलं.

शांतता… जाड, फोमची शांतता…

"लाभ…"

नवल हसला. बरोबर. आत आबा एकटेच होते.

तो पुढचं बटण दाबणार, तेवढ्यात…

"दोन…"

त्याने पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. खोलीत कुणी नव्हतं. नवल बाहेर होता. नानांनी त्याला ताक दिलं होतं. त्याने ते प्यायलं होतं.

प्यायलं होतं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिटार घेऊन जळगावच्या स्टँडवर आला. "निघालो," असं दिपमालाला कळवलं. पुण्याच्या गाडीत बसला, तिकीट काढलं. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर बोटाने डोकी मोजत मागपर्यंत गेला आणि कपाळाला आठ्या घालून परत आला.

"एक कमी येतोय. तिकीट काढून कोण उतरलं?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कंडक्टरने पुन्हा मोजलं. त्याचं बोट नवलच्या पुढच्या बाकावर टेकलं… मग मागच्या बाकावर.

"मास्तर, मी राहिलो," नवल म्हणाला.

कंडक्टरने वळून पाहिलं नाही. शेजारच्या आजीबाईने नवलच्या मांडीवर तिची पिशवी ठेवली. सहज. रिकामी जागा दिसली की ठेवतात तशी.

"एक कमीच आहे," कंडक्टर मशीनकडे बघत म्हणाला. "थांबायचं का?"

"किती वेळ थांबता आता! ऊन व्हायच्या आत निघा की," मागून कुणीतरी ओरडलं.

नवलने पिशवी हलकेच बाजूला ठेवली. गिटार उचलली. खाली उतरला. त्याने खिसे चाचपले. मोबाइल होता. पाकीट होतं. चेंबरची किल्ली होती. चेंबरच्या आत काहीही राहिलेलं नव्हतं.

दारात उभं राहून कंडक्टरने शेवटचं एकदा मोजलं. मग रिकाम्या फलाटावर नजर टाकली, आणि नवल जिथे उभा होता तिथून ती तशीच पुढे गेली.

"चला," तो ड्रायव्हरला म्हणाला. "जो यायचा नाही तो येत नाही."

आणि त्याने घंटी मारली.