धन्यवाद, आप्पासाहेब

चला मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर उमरीला या. डोळे मिटले तरी चालेल. समोर मुलींचं एक वसतिगृह आहे. दिवेलागणीची वेळ. ओसरीवर मुली पाढे म्हणताहेत. शेजारच्या कार्यालयाला बाहेरून कुलूप आहे आणि आत दिवा नाही. अचानक त्या अंधारातून एका बाईचा गोड, गार आवाज येतो, "धन्यवाद, आप्पासाहेब."

पाढे जागच्या जागी थांबतात. कारण आप्पासाहेब चैत्रातच वारलेत.

आता डोळे उघडा. अयोध्याताईंना जे जे दिसलं, ते ते मी तुम्हालाही दाखवीन. त्यांच्या आधी ओळखता येतं का बघा.

या अयोध्याताई लातूरच्या. वेगवेगळ्या संस्थांचे हिशेब तपासणं हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांचा फोन वाजला तेव्हा पलीकडे उमरीच्या वसतिगृहातली पुनम होती. बिलांचं काम बघणारी. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, आमचे कोषाध्यक्ष बिलं मंजूर करून राहिले."

"कोषाध्यक्षांचं कामच आहे ते."

"ताई, ते वारलेत."

अयोध्याताईंनी हातातली कामं पुढे ढकलली. लातूरहून एसटीने नांदेड आणि तिथून उमरी.

कार्यालयात पाय ठेवताच त्यांच्या अंगावर काटा आला. खोली स्वच्छ होती, उजेडही भरपूर होता. पण टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीवर घडी घातलेली शाल होती, जणू कुणी आत्ताच उठून हात धुवायला गेलंय. भिंतीवर आप्पासाहेबांचा फोटो. त्याला झेंडूचा ताजा हार. आणि टेबलावर एक छोटंसं यंत्र, त्याला अंगठ्याएवढी काच. तिच्यातून हिरवा उजेड सारखा लुकलुकत होता.

"हे काय करतं, मला लहान पोरीला सांगावं तसं सांग," त्या पुनमला म्हणाल्या.

"पहिले बिल कागदावर यायचं. सहीसाठी गावभर फिरायचं. दूधवाल्याचे पैसे लटकायचे, मग दूध बंद. म्हणून हे आणलं. आता दुकानदार बिल मेलवर पाठवतो, यंत्र आपणच वाचतं. मग दोघांनी हो म्हणायचं. सचिव शिवशंकरकाका त्यांच्या मोबाइलवरून म्हणतात. कोषाध्यक्षांनी मोबाइलवरून म्हणायचं, न्हाईतर ह्या काचेवर अंगठा ठेवायचा. दोन हो झाले की बँकेतून पैसे आपोआप जातात."

"मग आप्पासाहेब गेल्यावर त्यांचं नाव का काढलं नाही?"

पुनमने फोटोकडे पाहिलं. "अध्यक्ष म्हनले, वर्षश्राद्ध होऊस्तोर आप्पांचं नाव खोडायचं न्हाई. कुणाची जीभ उचलली न्हाई, ताई. बिलं तर भरली जायची. आम्हाला वाटलं, यंत्रच करून घेत असंल."

"मग आत्ताच का फोन केलास?"

"पाण्याच्या टँकरची बिलं. आवंदा पाऊस लई. विहीर काठोकाठ भरली, पोरी वाकून हातानं पाणी घेतात. अन् टँकरचे पैसे जातच राहिले. मी यंत्र उघडून बघितलं. प्रत्येक बिलापुढं आप्पासाहेबांचं नाव." तिने दाराकडे पाहिलं. "आधी पोरी सांगायच्या आवाज येतो म्हणून. मी त्यांना रागवायची."

"यंत्र मध्ये कधी थांबलं होतं का?"

"पोळा झाल्यावर. काही दिवस एक बी बिल मंजूर झालं न्हाई. किराणावाला नुसता बोंबलत व्हता. पोरी म्हनल्या, आप्पासाहेब रुसले."

एवढ्यात दारात सचिव शिवशंकर उभे राहिले. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी स्वतः चहा आणला होता.

"ताई, लई दूरून आलात." त्यांनी कप पुढे केला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कोवळी गुलाबी खूण होती.

"काय लागलं हो?"

"रंगवायच्या आधी बैलाची शिंगं साळताना हत्यार निसटलं. आप्पा असते तर शिव्या घातल्या असत्या." त्यांनी फोटोकडे बघून डोळे पुसले. "लेकरावानी वाढवलं त्यांनी मला. दिवेलागणीला मीच हार घालतो."

"कार्यालयाच्या किल्ल्या कुणाकडे?"

"पुढच्या दाराची पुनमकडं. मागचं दार धान्याच्या कोठीतून हाय, त्याला कोठीच्या बाजूनं कडी असती. कोठी दिवसभर उघडीच."

"तुमचा कुणावर संशय?"

शिवशंकर घुटमळले. "बोलू नये. पण आप्पांचा मोबाइल त्यांच्या घरी हाय. अध्यक्षांना मी तेवढंच म्हनलं."

अध्यक्ष रामलिंगअण्णा हे गावातले धान्याचे व्यापारी. बोलणं रोखठोक. अयोध्याताई त्यांच्या अडत दुकानात गेल्या तेव्हा ते पोत्यांच्या मधोमध बसले होते.

"भूतबित काय नसतं, ताई. मोबाइल घरी, बाई घरी. आप्पांच्या बायकोनं, सरस्वतीबाईनंच दाबलं असंल बटन. उद्या आम्ही पोलिसात अर्ज देणार."

"विचारलंत का त्यांना?"

"काय विचारायचं? कुठल्या तोंडानं विचारायचं?"

"ज्या तोंडानं अर्ज देणार आहात, त्याच."

रामलिंगअण्णांनी मांडीवरचे दाणे झटकले. मग म्हणाले, "उद्या अकरापर्यंत थांबतो. पुढं न्हाई."

आप्पासाहेबांच्या घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ते उघडलं एका पाचवी-सहावीतल्या मुलीने. ही त्यांची नात, ऋतुजा. आई-वडील पुण्याला कामाला, ही आजीजवळ.

"तुम्ही पोलीस हाव का?" तिने विचारलं.

"नाही गं. मी हिशेब बघते."

"मग या."

सरस्वतीबाई खाली मान घालून भाजी निवडत होत्या. ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. पूर्वी या वेळेला तिथे बायकांची दाटी असायची, असं ऋतुजाने न विचारताच सांगितलं. आता समोरच्या काकूही पाणी भरताना तोंड फिरवून जात.

"मोबाइल दाखवता का, आजी?"

सरस्वतीबाईंनी देव्हाऱ्याच्या खालून एक फडक्याची पुरचुंडी काढली. मोबाइल केव्हाचाच बंद पडला होता. त्याच्या फटीत हळदकुंकू जाऊन बसलं होतं.

"ते गेले तवाच बांधून ठेवला. मला तर आलेला फोन उचलता बी येत न्हाई, मी काय दाबू त्याच्यात?"

भिंतीवर दोरांची वेटोळी लटकत होती. अंबाडीचे दोर, पिळदार, एकसारखे.

"आप्पासाहेबांच्या हातचे?"

सरस्वतीबाई पहिल्यांदा हसल्या. "अख्खा जन्म दोर वळले. कारभारी झाले तरी सुटलं न्हाई. एकदा ज्योतिषी आला, त्यांचा हात धरला अन् सोडून दिला. म्हनला, ह्या पाटीवर काय लिवलेलंच न्हाई, मी वाचू काय! रेशनला बी मलाच जावं लागायचं, त्यांचं तिथं चालायचं न्हाई काही."

अयोध्याताईंनी दोराला हात लावून पाहिला. बोट खरखरलं.

ऋतुजा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता एकदम थांबली.

"ताई, मी गेले होते तिथं. दिवेलागणीला. एकटी."

"कशाला?"

"आबांना भेटायला."

अयोध्याताई तिथेच एका दगडावर टेकल्या. त्यांनी तिला बोलू दिलं.

"बाई म्हणली, धन्यवाद आप्पासाहेब. मी दार वाजवलं. म्हणलं, आबा, मी ऋतू. आत कुणीतरी चालत होतं. मग मागच्या दाराची कडी वाजली. मी लई भिले अन् पळाले." तिचे डोळे भरले. "पण आबा आत असते तर त्यांनी दार उघडलं असतं ना, ताई? मला बघून पळाले नसते."

"नसतेच पळाले," अयोध्याताई म्हणाल्या. "उद्या अकराला तू ये कार्यालयात."

रात्री वसतिगृहात मुक्कामाला जायच्या आधी त्यांनी दोन फोन केले. पहिला सोमेशला. नांदेडच्या या तरुणाने ते यंत्र बसवलं होतं.

"सोमेश, आप्पासाहेबांच्या नावाची मंजुरी मोबाइलवरून होते की काचेवरून?"

"काचेवरून, ताई. दोन्हींची खूण वेगळी उमटते. त्यांच्या सगळ्या बिलांपुढे अंगठ्याची खूण आहे."

"दुसऱ्या कुणाचा अंगठा काच घेईल?"

"कसा घेईल? ज्या अंगठ्याची नोंद केली, तोच लागतो."

"नोंद तुझ्यासमोर झाली?"

"नाही. मी शिकवून निघालो. शेवटची एसटी होती. नोंद त्यांनी मागून केली."

दुसरा फोन कुणाला, ते थोड्या वेळाने कळेल. आधी तुम्ही विचार करा. मेलेल्या माणसाचा अंगठा कुठून येतो?

दुसऱ्या दिवशी अकराला कार्यालयात सगळे जमले. रामलिंगअण्णांच्या खिशात अर्जाची घडी होती. पुनम भिंतीला टेकून उभी. शिवशंकर हात बांधून फोटोखाली. ऋतुजा उंबऱ्यात. रिकाम्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

"एक काम करू," अयोध्याताई म्हणाल्या. "सगळे या काचेवर अंगठा ठेवा. उजवा."

"हे काय पोरखेळ!" म्हणत रामलिंगअण्णांनी ठेवला. यंत्रातून तोच बाईचा गोड, गार आवाज आला, "ओळख पटली नाही." पुनमने ठेवला. "ओळख पटली नाही." अयोध्याताईंनी स्वतः ठेवला. तेच उत्तर.

"शिवशंकरजी."

"माझी मंजुरी मोबाइलवर असते, ताई. माझ्या अंगठ्याचा इथं काय संबंध?"

"मग ठेवायला काय जातंय तुझं?" रामलिंगअण्णा म्हणाले.

शिवशंकरनी अंगठा पुढे नेला, मागे घेतला. धोतराला पुसला. मग एकदाचा ठेवला.

"धन्यवाद, आप्पासाहेब."

पुनमच्या तोंडून किंकाळी फुटली. रामलिंगअण्णा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"भिऊ नका," अयोध्याताई म्हणाल्या. "भूत नाही. आप्पासाहेबांचा अंगठा या यंत्रात कधी नव्हताच. जन्मभर दोर वळून त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या होत्या. ज्योतिष्याला हात वाचता आला नाही, रेशनच्या यंत्राला अंगठा ओळखता आला नाही, मग ही काच कशी ओळखणार? रेशन दुकानात आपण काय करतो? एकाचा अंगठा उठला नाही की घरातल्या दुसऱ्याचा लावतो. इथेही तेच केलंत. नाव आप्पासाहेबांचं, अंगठा शिवशंकरांचा. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. खरं ना?"

शिवशंकर मटकन खाली बसले.

"त्यांनीच सांगितलं, ताई. म्हनले, माझा उठत न्हाई, तुझाच लाव. ते ह्या खुर्चीवर बसायचे. बिल डोळ्यापुढं धरून वाचायचे. दुकानदाराला फोन लावायचे. मग म्हनायचे, लाव. तवा मी लावायचो."

"आणि ते गेल्यावर?"

"पहिल्यांदा दुधाचं बिल आलं. नवा कोषाध्यक्ष न्हाई, नाव काढायचं न्हाई. पोरींचं दूध बंद पडलं असतं. म्हणून लावला. कुणी काय म्हनलं न्हाई." त्यांचा आवाज खोल गेला. "मग कळलं, कुणी बघतच न्हाई."

"तेव्हा टँकर सुरू झाला," अयोध्याताई म्हणाल्या. "काल नायगावच्या त्या टँकरवाल्याला मी फोन केला. म्हणाला, बिलं पाठवायला दाजींनीच सांगितलं. तो तुमच्या बायकोचा भाऊ. दोघांनी हो म्हणायचं, हा या यंत्राचा सगळा राखणदारपणा. इथे दोन्ही हो एकाच माणसाच्या हातात होते. मोबाइलवर तुम्ही, काचेवरही तुम्ही. रोज हार घालायला मागच्या दाराने यायचात, म्हणून इथे तुम्हाला बघूनही कुणी बघितलं नसतं. पोळ्याला अंगठा कापला तेव्हा पट्टी बांधावी लागली, आणि जखम भरेपर्यंत आप्पासाहेब रुसले."

रामलिंगअण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे शिवा, अंगठ्याचं जाऊ दे. पण त्या म्हातारीचं नाव घेतलंस तू माझ्याजवळ!"

"ती पोरगी दार वाजवत व्हती," शिवशंकर म्हणाले. ते आता कुणाशी बोलत होते कोण जाणे. "आबा, आबा म्हणत व्हती. मी आतून ऐकलं. त्या दिवसापासून मला झोप न्हाई."

ऋतुजाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती रडली नाही.

रामलिंगअण्णांनी खिशातली अर्जाची घडी काढून टराटरा फाडली. सोमेशला आजच बोलावून नाव काढायचं, नवा कोषाध्यक्ष आजच नेमायचा, पोलिसांकडे आता दुसरा अर्ज द्यायचा, असं ते पुनमला सांगू लागले. मग उंबऱ्यापाशी येऊन थोडे वाकले. "पोरी, चुकलं आमचं. तुझ्या आजीला सांग, अध्यक्षांनी माफी मागितली म्हणून."

"मी न्हाई सांगणार," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही चला."

"कामं पडलीत गं. संध्याकाळी येतो."

"आजी दिवसभर दार लोटून बसती."

रामलिंगअण्णांनी अयोध्याताईंकडे पाहिलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि तो उगाच पुसत बसल्या.

अण्णांनी टोपी नीट केली आणि निघाले. मागे पुनम, तिच्या मागे अयोध्याताई. फाटकातून डाव्या हाताला एक बोळ जातो. त्यातून गेलं तर आप्पासाहेबांचं घर हाकेवर. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. अण्णा त्या बोळाकडे वळले.

ऋतुजाने त्यांचं बोट धरलं आणि त्यांना उजवीकडे ओढलं. किराणा दुकानावरून, पिठाच्या गिरणीवरून, हापशावर भांडी घासणाऱ्या बायकांसमोरून, भर बाजारातून, अगदी सावकाश चालत ती त्यांना आजीकडे घेऊन गेली.