दोराच्या आत

कोरपन्याजवळच्या त्या कारखान्यात दिव्यानी आली ती एका साध्या कामासाठी. नव्या पाइपलाइनची पाण्याने दाबचाचणी घ्यायची आणि सही करायची. मे महिन्याची भर दुपार होती. जेवणाच्या सुट्टीमुळे यंत्रे गप्प होती. तापल्या पत्र्यांची कटकट तेवढी ऐकू येत होती, आणि गंजलेल्या पाण्याचा वास येत होता.

नियम तिला तोंडपाठ होता. लाइन ज्या दाबावर चालायची त्याच्या दीडपट चढवायचा. म्हणजे इथे वीस किलोचे तीस. मात्र लाइनीतल्या सर्वांत अशक्त भागालाही तो सोसायला हवा. वळणाजवळच्या जुन्या व्हॉल्व्हपाशी ती वाकली, त्याची पितळी पट्टी रुमालाने पुसली, आणि तिची कानशिले तापली. पट्टीवर कमाल दाब सोळा किलो होता. तो व्हॉल्व्ह तिनेच मंजूर केला होता, पट्टी न वाचता.

बोलायला हवे होते. पण आदल्याच दिवशी दाब मोजणाऱ्या गेजचा दाखला विसरला म्हणून पंपावरच्या लच्छूला तिने सगळ्यांदेखत अडाणी म्हटले होते. जुन्या ओतकामात जास्तीचा जीव असतो, असे तिने स्वतःला सांगितले आणि ती बाहेर आली.

इथली रीत अशी, की लाइनीभोवती दोर बांधायचा आणि पंप सुरू करण्याआधी फोरमन गुणवंतरावांनी एकेकाचे नाव पुकारायचे. ज्याने त्याने दोराबाहेरून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आल्याशिवाय पंप चालत नसे.

"लच्छू?"

"हाव."

"जंगू?"

"हाव ना भाऊ, दिसून नाई राह्यलो काय?"

कोणीतरी हसले.

"इतवारी?"

"हाव..."

आवाज व्हॉल्व्हमधून आला. इतवारी दिव्यानीच्या शेजारी उभा होता, आणि त्याच्या तोंडात पाण्याची चूळ होती. ती त्याने हळूच टाकली.

"मॅडम... मी त बोललोच नाई."

"पाइपात आवाज घुमतो," ती म्हणाली. "सुरू करा."

पाइप पाण्याने काठोकाठ भरलेला होता. भरल्या पाइपात आवाज असा घुमत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

काटा चढू लागला. विशी ओलांडताच व्हॉल्व्हमधून ओल्या घशासारखी घरघर आली आणि त्याच्या अंगावर एक काळी रेघ पाझरू लागली.

"उतरवा! दाब उतरवा!" दिव्यानी ओरडली.

काटा शून्यावर आला. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"गेज कमी दाखवतंय," ती म्हणाली. "दाब केव्हाच वर गेला होता, म्हणून व्हॉल्व्ह गेला. लच्छू, हे तुझं गेज."

"मॅडम, काल त तुमीच पायलं ना त्याले..."

तिने मान वर केली नाही. लच्छूने पाना खाली ठेवला.

"अडान्याचं कोन आयकते?" म्हणत तो फाटकाकडे चालू लागला.

दिवस कलला तेव्हा व्हॉल्व्हच्या जागी सरळ पाइपचा तुकडा बसला होता. काढलेला व्हॉल्व्ह दोराच्या आत, लाइनीखालीच पडून होता, आणि त्याच्यावर ती पट्टी. सकाळी कोणीही वाचली असती. माणसे चहाला वळताच दिव्यानी स्क्रूड्रायव्हर घेऊन दोराखालून आत शिरली आणि पाइपाच्या खांबाआड बसली. पट्टीचे एक टोक उचकटले. दुसरे निघेना.

तेवढ्यात माणसे परतली आणि दुसऱ्या चाचणीसाठी नावे पुकारली जाऊ लागली.

"जंगू?"

"हाव."

"इतवारी?"

इतवारीने नुसता हात वर केला असावा, गुणवंतराव म्हणाले, "दिसला, दिसला."

"दिव्यानी मॅडम?"

आतून ओ दिली असती तर गुणवंतराव पाहायला आले असते. हातात स्क्रूड्रायव्हर, पट्टी अर्धी उचकटलेली... एक श्वासभर ती गप्प राहिली.

"हो," दोराबाहेरून उत्तर आले. स्वच्छ, नेमके, तिच्याच आवाजात.

पंप सुरू झाला. ती उठू लागली, पण पट्टीवरची बोटे सुटेनात. पितळ बर्फासारखे गार पडले होते. "गुणवंतराव, मी आत आहे!" ती जीव खाऊन ओरडली. ओठ हलले. शब्द मात्र व्हॉल्व्हच्या पोटात घरघरले आणि तिथेच राहिले.

"मॅडम, तीस होऊन राह्यले," पंपावरून जंगू म्हणाला. "थांबू काय?"

"थांबू नका," तिचा आवाज दोराबाहेर शांतपणे म्हणाला. "गेज कमी दाखवतंय."