माळ्यातले तीन ठोके

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर निदान शेवट तरी बरा केला असता.

माझ्या मोठ्या मामांच्या बाबतीत हे घडलं. मामा छपरं दुरुस्त करतात. तीस वर्षं तेच काम. आमच्याकडे वर्षातले चार महिने वादळं येतात, आणि एकेका वादळात गल्लीच्या गल्ली उघडी पडते. त्यामुळे मामांना कामाची कधी ददात नव्हती. माणूस एकदम रोखठोक. भुताखेताचा विषय निघाला की म्हणायचे, "भुतं माळ्यात राहत असती तर मला कधीच भेटली असती. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या माळ्यात गेलंय."

गेल्या वर्षीपर्यंत असं म्हणायचे.

आता नाही म्हणत.

गेल्या वर्षीचा, वादळांच्या महिन्यांतला एक मंगळवार. दुपारचे सव्वातीन. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचं अगदी शेवटचं घर. पुढे नुसतं उघडं माळरान.

पण त्याआधी धाकट्या मामांबद्दल सांगायला हवं.

मोठे मामा आणि धाकटे मामा बावीस वर्षं जोडीनं काम करायचे. धाकट्या मामांना घरात सगळे बारक्याच म्हणायचे, आणि बारक्या चांगला सहा फूट उंच होता. गळकं छप्पर शोधायची दोघांची एक पद्धत होती. एकजण माळ्यात, एकजण छपरावर. वाऱ्यापावसात पत्र्यावर हाक ऐकू येत नाही. म्हणून माळ्यातला माणूस काठीनं खालून पत्र्यावर ठोकायचा.

दोन ठोके म्हणजे, इथं गळतंय.

वरच्यानं एक ठोका दिला की, समजलं.

आणि तीन ठोके म्हणजे... हातातलं सगळं टाक आणि खाली उतर.

बहुतेक वेळा मोठे मामा खाली असायचे. वाऱ्याचा रंग त्यांना बरोबर कळायचा. तीन ठोके द्यायचं काम त्यांचंच.

तीन वर्षांपूर्वी एका गोदामाच्या छपरावर काम चाललं होतं. वारा वाढला. एक पत्रा उचकटला, आणि त्याच्याबरोबर धाकटे मामा खाली आले.

दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही; जागीच गेले.

मोठ्या मामांनी सगळ्यांना एकच सांगितलं. "मी त्याला खाली बोलावलं होतं. तीन ठोके दिले होते. तो म्हणाला असेल, एवढं संपवतो. ऐकलं नाही त्यानं."

धाकटी मामी तेव्हा रडली नाही. नुसती म्हणाली, "माझं तरी कधी ऐकलं होतं?"

तिनं घरात नवऱ्याचा फोटो लावला नाही. कपाटात कपड्यांखाली पालथा घालून ठेवला होता. कोणी विचारलं तर म्हणायची, "घरी बायको वाट बघतेय हे ज्याला आठवलं नाही, त्याचा फोटो कशाला?"

त्यानंतर मोठे मामा एकटेच काम करू लागले. जोडीला कोणाला घेतलं नाही.

तर तो मंगळवार.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एकट्याच राहायच्या. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"छप्पर माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे," त्या मामांना म्हणाल्या, "पण कुरकुर माझ्यापेक्षा जास्त करतं. तेवढं गप्प करा त्याला."

रविवारी एक वादळ होऊन गेलं होतं. दुसरं त्या रात्री येणार होतं. मधे हा एकच दिवस.

मामांनी आधी आत शिडी लावली. घरातल्या बोळात छताला चौकोनी झाकण होतं, तोच माळ्यात जायचा रस्ता. आत जाऊन त्यांनी ओल बघितली. पाच ठिकाणी खडूनं खुणा केल्या, भिंतीपासूनचं माप घेतलं. मग खाली उतरले. झाकण लावलं. आणि तीच शिडी उचलून बाहेर नेली.

शिडी एकच होती.

हे लक्षात ठेवा.

मामा छपरावर चढले. कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक पक्कं केलं आणि कामाला लागले. मापं धरून एकेक जागा शोधायची, स्क्रूखालचा सडलेला वायसर, म्हणजे रबराची चकती, काढायची, नवी घालायची, स्क्रू आवळायचा. पाचही जागा झाल्या. आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडलेला होता.

अगदीच पडलेला.

मामांनी हत्यारं पिशवीत भरली.

तेवढ्यात...

ठक्. ठक्.

त्यांच्या उजव्या गुडघ्याखाली. आवाज कानाला कमी आणि हाडाला जास्त जाणवला.

मामांनी तिकडे बघितलं. आढ्याजवळ एका स्क्रूचा वायसर फुटला होता. खडूच्या खुणेत ही जागा नव्हती. माळ्यात त्यांच्या नजरेतून ती सुटली होती.

त्यांनी वायसर बदलला. स्क्रू आवळला. आणि पान्याच्या दांड्यानं पत्र्यावर एक ठोका दिला.

समजलं.

बावीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला.

आणि मग लक्षात आलं.

आत कोण आहे?

शिडी तर इथं बाहेर आहे. सिस्टरना दोन पायऱ्या चढता येत नाहीत.

"सिस्टर!" त्यांनी हाक मारली. "ओ सिस्टर! माळ्यात कोणी आहे का?"

उत्तर नाही.

 मामा गरम पत्र्यावर तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं, हातभर पलीकडे...

ठक्. ठक्.

तिथंही वायसर फुटलेला.

मामांनी हे मला स्वतः सांगितलं. म्हणाले, "अरे, पळून जायला हवं होतं ना मी? पण मला पळावंसं वाटेना. तीन वर्षांनी खालून कोणीतरी ठोकत होतं रे. मी तो वायसर बदलला. परत एक ठोका दिला. रडत होतो आणि काम करत होतो. बारक्या, म्हटलं, तू आहेस होय?"

आणि मग वारा सुटला.

माळरानावरून धुळीची भिंत येताना दिसली. दोर ताणला गेला. मामांना सगळं कळत होतं. अशा वेळी माणसानं छपरावर क्षणभर थांबायचं नसतं.

पण ते हलले नाहीत.

का, ते आमच्या घरात तोवर कोणालाच माहीत नव्हतं.

गोदामावर त्या दिवशी मामांनी तीन ठोके दिलेच नव्हते. माळ्यात अंधारून आलेलं त्यांनी पाहिलं होतं. वाऱ्याची शीळ ऐकली होती. तीन ठोके द्यायला काठी उचललीही होती. पण मनात आलं, एकच जागा राहिलीय. दहा मिनिटांचं काम. परत उद्या एवढं सामान घेऊन कोण येणार?

त्यांनी दोन ठोके दिले.

वरून एक ठोका आला. समजलं.

तो शेवटचा.

तीन वर्षं मामांनी हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं. आणि आता ते स्वतः छपरावर होते, खाली कोणीतरी होतं, आणि वारा तसाच वाढत होता.

त्यांनी मनाशी ठरवलं. दोन ठोके आले, तर थांबायचं. काय व्हायचं ते होऊ दे. हिशेब पुरा होईल.

ते पत्र्यावर तळहात टेकून बसले.

खाली सगळं शांत.

एक मिनिट गेलं असेल. वाऱ्यानं आढ्यावरचा पत्रा थडथडायला लागला.

आणि मग...

ठक्. ठक्. ठक्.

मामा जागचे हलले नाहीत. त्यांना वाटलं, आपण चुकीचं मोजलं.

ठक्. ठक्. ठक्.

तळहाताखाली पत्रा हादरत होता. थांबायचं नाव नाही. तीन, परत तीन, परत तीन. जीव तोडून कोणीतरी ठोकत होतं.

मामा उतरले. कसे उतरले, त्यांना आठवत नाही. पाय जमिनीला लागले तेव्हा दोर अजून कमरेलाच होता, एवढं आठवतं. तो सोडून ते पडवीत शिरले आणि मागे कडाड्कन आवाज झाला. आढ्यावरचा पत्रा पार उखडून माळरानात गेला होता. ते बसले होते, बरोबर तिथला.

स्वयंपाकघराच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. भिंतीला धरून. चेहरा पांढराफटक.

"तुमचा माणूस वर अडकलाय का हो?" त्या म्हणाल्या. "केव्हाचा ठोकतोय बिचारा."

 मामांनी शिडी आत आणली. झाकण उघडलं.

आढ्याच्या उघड्या फटीतून वारा आत घुसत होता. एका कडेला जुन्या सतरंज्या. लाकडावर खडूच्या पाच खुणा.

बाकी कोणी नाही.

ठोकायला काठीसुद्धा नाही.

मामांनी त्या भोकावर आतून ताडपत्री ठोकली आणि तिथून निघाले. घरी आले नाहीत. भर वादळात, भिजत, थेट धाकट्या मामीच्या दारात.

मामीनं टॉवेल दिला. चहा टाकला. "काय झालं दादा? असे का दिसताय?"

ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि सगळं सांगितलं. आधी आजचं. मग गोदामाचं.

"मी तीन ठोके दिले नव्हते," मामा म्हणाले. "मी त्याला थांब म्हणालो. तो माझं ऐकूनच थांबला होता. मी खोटं बोललो सगळ्यांशी. तुझ्याशीपण."

चहा उतू गेला. मामीनं गॅस बंद केला. ती फडक्यानं ओटा पुसत राहिली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी ह्यांच्यावर रागावलेय. रोज. झोपताना, उठताना. मी म्हणायचे, एवढी हाक मारली तरी हा माणूस उतरला का नाही? आम्हाला विसरला का?" तिनं फडकं ओट्यावर आपटलं. "मला धड रडूपण दिलं नाहीत तुम्ही."



"आज तो आला होता," मामा हळूच म्हणाले. "एवढं होऊनसुद्धा त्यानं मला वाचवलं गं."

मामी वळली. टेबलाशी येऊन बसली.

"कसं ठोकलं?"

"काय?"

"ऐकू आलं ना तुम्हाला? मला ठोकून दाखवा."

मामांनी टेबलावर ठोकून दाखवलं. ठक्. ठक्. ठक्. मामी तळहात टेबलावर ठेवून ऐकत होती. डोळे मिटून.

"परत."

त्यांनी परत ठोकलं.

मामीनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मामांना आजही सांगता येत नाही.

"हे तर ह्यांचे ठोके नाहीत," ती म्हणाली. "सतरा वर्षं हे घरी आले की दार वाजवायचे. दोन जोरात, आणि तिसरा नुसता बोट लावल्यासारखा. एकदासुद्धा चुकले नाहीत. झोपेतही ओळखेन मी. असे सारखे, जोरजोरात, घण घातल्यासारखे... असे तर तुम्ही ठोकता, दादा."

मामांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

ते खरं होतं.

सारखं अंतर, सारखा जोर. बावीस वर्षं माळ्यातून ते असेच ठोकत आले होते.

म्हणजे सिस्टरच्या माळ्यात धाकटे मामा नव्हते. जे तीन ठोके गोदामावर द्यायचे राहिले होते... तेच होते.

"आता जा तुम्ही," मामी म्हणाली. "राग म्हणून नाही सांगत. राग नंतर येईल. आत्ता मला ह्यांच्याजवळ बसायचंय."

दार लावून घेताना मामांनी आतून कपाट उघडल्याचा आवाज ऐकला. आणि मग तिचं रडणं. गल्लीच्या टोकापर्यंत ते ऐकू येत होतं. वादळातसुद्धा.

राग नंतर आला. तिनं मामांशी बोलणं सोडलं, ते अजून सोडलेलंच आहे. त्यावर मामांची तक्रार नाही.

सिस्टरना मी स्वतः जाऊन भेटलो. त्यांनी तेच सांगितलं. त्याही म्हणाल्या, सारखे ठोके होते, एका चालीत.

मी मामांना एकदा विचारलं, "परत कधी ऐकू आले का?"

"नाही."

"मग बरंय ना?"

 "बरं कसलं," मामा म्हणाले. "ती हाक बारक्याच्या वाट्याची होती रे. त्याच्यासाठी होती. मीच खाऊन बसलो."

त्यांनी काम सोडलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. एकटेच जातात. हल्ली मुद्दाम वारा असताना चढतात, असं त्यांच्या ओळखीचा एक सुतार मला परवा म्हणाला. वर चढून काम करत नाहीत म्हणे. नुसते पत्र्याला कान लावून पडून राहतात.

हे मी लिहितोय, तेव्हा दुपारचे तीन वाजलेत. सकाळपासून आभाळ भरलेलं आहे. मामा आठ वाजताच कामावर गेले.

दोनदा फोन केला.

रिंग वाजतेय... उचलत नाहीत.